तिसऱ्या टेपवरचा माणूस

डच हार्बर, अलास्का
९ जानेवारी १९९६

नॅनॅन,

तुझं पार्सल काल मिळालं. सुकी कोळंबी शाबूत आली, पेकनच्या वड्यांचा मात्र चुरा झाला होता. तो आम्ही चमच्याने खाल्ला. आम्ही म्हणजे मी आणि बेनहर. बेनहर माझ्या खोलीतला फिलिपिनो म्हातारा. मासे सोलायच्या लाइनवर माझ्या शेजारी उभा असतो आणि दिवसभर तोंडाने आपल्या सहा मुलींची लग्नं लावत असतो. त्याने तुला निरोप दिलाय, अशा वड्या करणारी बाई विधवा असेल तर कळवावं. मी सांगितलं, ती माझी नॅनॅन आहे, बाप्तिस्म्याला मला हातात धरलेली, आणि तिच्या पार्लरमध्ये कात्र्या भरपूर आहेत. 

आता मुद्द्याचं. वड्यांच्या खाली ती टेप होती. कुणी ठेवली? तू की डॉर्सीने? सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. वर छापलंय, थ्री पाउंड, तिसरी टेप. त्याखाली दोन नावं, डॉर्सी आणि कर्विन. नॅनॅन, मी तिसरी टेप केलेलीच नाही. सव्वादोन वर्षं मी इथं माशांची पोटं फाडतोय.

टेप लावली तर वाटलं, मशीन मेलं. आवाज असा, की कुणी काकवीत बुडवून काढलाय. मी बॅटऱ्या बदलल्या. मग वाटलं थंडीनं टेप आखडली असेल, म्हणून तासभर काखेत धरून बसलो. बेनहर म्हणाला, अंडं उबवतोयस का. शेवटी त्याच्या मशीनवर लावली, तिथंही तेच. ढोल असा पडतोय की मधल्या वेळात माणूस उठून पाणी पिऊन येईल. मग कळलं की ती मुद्दामच हळू केलीय. हे काय नवीन? मी होतो तेव्हा आपल्याकडं कुणी असलं करत नव्हतं.

डॉर्सीचा आवाज मला कळला. तो आधीपासूनच म्हशीसारखा आहे, हळू केला तरी म्हैसच. पण दुसरा कोण? फार जाडा, खोल आवाज आहे, विहिरीतून आल्यासारखा. शब्द एकेक करून खाली ठेवतो, आणि शब्द सगळे माझे. गूसपोर्टच्या पुलाचं माझं कडवं, शाळेतून हाकललं त्याचं कडवं, सगळं. मी कधी वहीत लिहिलं नाही, तुला माहीत आहे, माझं सगळं डोक्यात असायचं. म्हणजे डॉर्सीने ते त्याला बसून शिकवलंय. माझे शब्द घेतले, माझं नाव ठेवलं आणि माझ्या जागी दुसरा उभा केला.

आमच्या रॅपच्या जोडीचं नाव उकडलेल्या क्रॉफिशवरून पडलं होतं, कारण आम्हा दोघांना मिळून तीन पौंडच परवडायचे. लोक सारखं विचारायचे, थ्री पाउंड म्हणता, मग तिसरा कुठाय. आता मीच विचारतोय.

पहिली टेप आम्ही तुझ्या पार्लरमागच्या शेडमध्ये केली, जुन्या ड्रायरच्या खुर्च्यांवर बसून. डॉर्सीच्या गाडीच्या डिकीतून विकली आणि सगळी संपली. दुसरी ह्यूस्टनला, खऱ्या स्टुडिओत, एका दिवसात. त्या दिवशी काचेपलीकडच्या माणसाने विचारलं की हा पोरगा काय म्हणतोय ते कळतं का कुणाला. आणि डॉर्सी, तुझा मुलगा, माझा भाऊ, हसून म्हणाला, "पोत्यात कोंबडी सापडलीय असं समजा." सगळे हसले. मी पण हसलो. आणि पंधरा दिवसांनी मी बसमध्ये होतो.

पहिली बाजू ऐकून मी ती टेप पलंगाखाली फेकली. हा माणूस कोण आहे तेवढं मला कळव. डॉर्सीला विचारू नकोस. त्याला वाटेल मला फरक पडतो.

तुझा,
कर्विन


लेक चार्ल्स
२ फेब्रुवारी १९९६

शा, माझ्या लाडक्या कर्विन,

पत्र मिळालं. मोजे घालतोस का ते लिहिलं नाहीस. त्या म्हाताऱ्याला सांग, माझ्याकडं एक नवरा होऊन गेला, तेवढा पुरला. वड्या मात्र पुन्हा पाठवीन.

इथं मार्डी ग्राच्या सणाची गडबड आहे. पार्लरमध्ये बायांना बसायला जागा नाही. सगळ्यांना एकाच आठवड्यात सुंदर व्हायचं असतं. मिसेस व्हिक्टोरियनने केस सोनेरी करून घेतले. मी दोनदा विचारलं, नक्की ना. नक्की म्हणाली. आता तिचा नवरा दारात उभा राहून मला शिव्या घालतो.

टेप मीच घातली पार्सलमध्ये. डॉर्सीने काउंटरवर पेटी आणून ठेवली होती, त्यातली एक काढली. तुमच्या त्या गाण्यांतलं मला काय कळतं? माझा रेडिओ कुठल्या स्टेशनवर असतो तुला ठाऊक आहे. पण पोरी इथं दिवसभर तीच लावतात. हळू करायची ही तऱ्हा ह्यूस्टनहून आली. आता आपल्या गूसपोर्ट वस्तीतली प्रत्येक गाडी अशी वाजते की जणू रस्त्यालाच झोप आलीय. पाद्रीबाबांनी प्रवचनात त्यावर दहा मिनिटं घालवली.

तू माणसाचं विचारतोस. डॉर्सीबरोबर एकजण असतो, प्रेजां नावाचा, वेल्श गावचा. पूर्वी ब्रेडची गाडी चालवायचा. फार मोठा माणूस आहे, माझ्या अंगणातली लोखंडी खुर्ची त्याने वाकवली. बोलत नाही, खातो मात्र मनापासून. गेल्या शनिवारी ओपलूसासला त्यांचा कार्यक्रम झाला, तिथं डॉर्सीच्या शेजारी, तू उभा राहायचास तिथं, हाच उभा होता. मिसेस व्हिक्टोरियनच्या पोरीने पाहिलं. तू माणसाचं विचारलंस, म्हणून एवढं लिहिलं.

सोबत एक कागद पाठवतेय. ह्यूस्टनच्या कुणा माणसाला ही तिसरी टेप मोठ्या प्रमाणावर काढायची आहे, दुकानांत ठेवायची, सगळ्या दक्षिणेत. त्यावर दोघांच्या सह्या लागतात. डॉर्सीची झाली आहे. तुझी ईस्टरच्या आत हवी, नाहीतर तो माणूस दुसरीकडं जाईल. डॉर्सीने कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "तू पाठव. माझं अक्षर बघितलं तर तो पाकीटच उघडणार नाही."

तुमच्यात काय ते तुम्ही बघा. दोघांना मी एकाच ताटात जेवायला घातलंय, एवढंच सांगते.

नॅनॅन यूला


डच हार्बर
२० फेब्रुवारी १९९६

नॅनॅन,

आज तिकडं मार्डी ग्रा. इथं बर्फ, मासा, बर्फ, मासा.

म्हणजे प्रेजां. बरं झालं नाव कळलं. गेले पाच दिवस लाइनवर सुरी चालवताना मी त्याच्याशीच बोलतोय. बेनहर म्हणाला, हा प्रेजां कोण, तुझी बायको पळवली का. मी म्हणालो, त्याहून वाईट.

तुला एक गोष्ट सांगतो, कुणाला सांगू नकोस. तो चांगला आहे. हीच तर अडचण आहे. तो वाईट असता तर मी हसलो असतो आणि झोपलो असतो. बेनहरने ती टेप माझ्या पलंगाखालून काढली आणि जेवणघरात लावली. आता नाश्त्याला रोज तीच. सामोआचे लोक, मेक्सिकन, व्हिएतनामी, ज्यांना आपली भाषा धड कळत नाही, तेसुद्धा माना डोलवतात. फोरमन विचारत होता, कर्विन, हे तुमच्या गावचे लोक ना, तो जाडा आवाजवाला कोण. मी काय सांगू? माझ्या नावाचा माणूस आहे म्हणून सांगू?

शाळेतून हाकलल्याचं कडवं मी म्हणायचो तेव्हा लोक हसायचे, कारण मी धावत सुटायचो. हा म्हणतो तेव्हा कुणी हसत नाही. परवा एक मेक्सिकन बाई सूपचा चमचा तसाच हातात धरून बसली होती. म्हणजे ते शब्द तेवढे चांगले होते? मग मी म्हणत असताना ते कुठं गेले होते? मला काही कळेनासं झालंय. पोटात घडलेलं माझं, आणि ते त्याच्या तोंडातून निघाल्यावर कळतं की ते काय होतं. याला काय म्हणायचं, नॅनॅन? चोरी म्हणावी तर चोराने माल धुऊनपुसून चकचकीत केलाय.

कागद परत पाठवतोय. मी सही केलेली नाही. माझ्या नावावर रेघ मारून बाजूला प्रेजां लिहिलंय. डॉर्सीला दे. त्याला सांग, माझे शब्द त्या जाड्याला दिले, आता नावही देऊन टाक, म्हणजे हिशेब सरळ होईल. मी आता थ्री पाउंडमध्ये नाही.

आणि मी ऑक्टोबरपर्यंत इथंच राहायचं लिहून दिलंय. त्यापुढंही राहीन. परत येऊन करायचं काय? माझ्या खुर्चीत माणूस बसलाय, आणि तू म्हणतेस ती खुर्ची वाकलीसुद्धा आहे.

तू ती टेप नीट ऐक एकदा. तुझा कान चांगला आहे, चर्चमध्ये कोण बेसूर गातं ते तुला मागं न वळता कळतं. ऐक आणि सांग, तो माझ्याहून बरा आहे का. खोटं सांगू नकोस.

कर्विन


लेक चार्ल्स
८ मार्च १९९६

शा कर्विन,

कागद मी डॉर्सीला दिला नाही. तो माझ्या खणात आहे. देईन किंवा देणार नाही, ते अजून ठरवलं नाही.

तू लिहिलंस की पहिली बाजू ऐकलीस.

दुसरी ऐकलीस का?

मोजे पाठवलेत, लोकरीचे, तीन जोड.

नॅनॅन यूला


डच हार्बर
२४ मार्च १९९६

नॅनॅन,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. पहिली तीन फाडली. बेनहर म्हणतो कागद वाया घालवू नकोस, इथं झाडं नाहीत.

तुझं पत्र आल्यावर मी दुसरी बाजू ऐकली. जेवणघरात नाही, खोलीत, दुपारच्या सुट्टीत, एकटा. इतके दिवस जेवणघरातले लोकही एकच बाजू फिरवून फिरवून लावत होते. बाजू बदलायची असते हे कुणाला सुचलंच नाही, आणि मी सुचवलं नाही.

दुसऱ्या बाजूला तिसऱ्या गाण्यात डॉर्सी नाहीच. नुसता ढोल, आणि तो माणूस. आणि तो म्हणतो,

बर्फाच्या गोदामामागं बसून डबा मी उघडला,
घास नॉन्कचा, घसा माझा, भोंगा वाजून गेला.

नॅनॅन, मी मशीन बंद केलं. मला पहिल्यांदा वाटलं, या प्रेजांला हे कुणी सांगितलं? मी डॉर्सीला सांगितलेलं नाही. तुला सांगितलेलं नाही. कन्फेशनला बसून पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही. त्यांना मी दर वेळी पेरू चोरल्याचं सांगायचो, जे मी कधी चोरलेच नाहीत. मग वेल्शच्या ब्रेडवाल्याला कसं कळलं? मी तासभर तिथंच बसलो. कोण तिथं होतं, कुणी पाहिलं असेल, सगळे आठवून काढले. गोदामवाला वारला. त्याचा कुत्राही वारला. जगात ही गोष्ट माहीत असलेला एकच माणूस होता.

मग पुन्हा लावली. कडवं संपताना मी नाकाने श्वास ओढतो, त्यावरून डॉर्सी मला चिडवायचा. तो श्वास तिथं आहे. हळू, जड दार ओढल्यासारखा. पण आहे.

तो मीच आहे.

कसं ते पण कळलं. त्या उन्हाळ्यात, ह्यूस्टनला जायच्या आधी, रविवारी चर्च सुटल्यावर डॉर्सी शेडमधून क्रॉफिश आणायला गेला होता. मी एकटा होतो. मशीन बंद आहे असं समजून मी म्हणालो ते. एकदाच, जितक्या वेगाने जमेल तितक्या वेगाने. मशीन चालू होतं. सरावाचं सगळंच तो साठवत आलाय, हे मला कुठं ठाऊक होतं?

आता तुला सांगतो. टेपवरच्या माणसाने सांगितलं असेल तरी मी सांगतो.

एकोणीसशे पंच्याऐंशीचा जून. मी अकरा वर्षांचा. डॉर्सीच्या बापाचा, नॉन्क आल्सीचा जेवणाचा डबा ओट्यावर राहिला. तू माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "धाव, बोट सुटायच्या आत दे. त्याला साखर आहे, वेळेवर खाल्लं नाही तर चक्कर येते." तू हे म्हणालीस. मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. मी धावलो. गोदामापाशी दम लागला म्हणून थांबलो. डबा गरम होता. बुदँ होते त्यात, मांस भरलेली जाड सॉसेजं, दोन, आणि भात, आणि वरून कांद्याचा रस्सा. मला वाटलं एक घास खाऊ. मग एक बुदँ. मग भोंगा वाजला, आणि मी तिथंच बसून उरलेलं सगळं खाल्लं, नॅनॅन. बोट गेलीच आहे तर आता काय, असं वाटलं. धक्क्यावर गेलो तेव्हा बोट वळणापलीकडं होती. दुपारी दोन वाजता जाळं ओढताना नॉन्कचा तोल गेला, आणि तो पाण्यातून वर आलाच नाही.

मी तुला सांगितलं की डबा दिला.

तेव्हापासून मी भराभर बोलतो. तुझ्या लक्षात आलं होतं का ते मला माहीत नाही. मला वाटायचं, हळू बोललो तर कुठल्या तरी वाक्यात ते निसटेल. रॅप करायला लागलो तर लोक म्हणाले काय वेग आहे पोराला. वेग कसला. मी पळत होतो. डॉर्सी कोंबडी म्हणाला तेव्हा मला राग आला, पण बरंही वाटलं, म्हणजे अजून कुणाला काही कळत नाही.

आता सगळ्या गूसपोर्टला कळतंय. गाडी गाडीतून वाजतंय.

मी तुला लिहिलं होतं, टेप नीट ऐक. ऐकू नकोस, नॅनॅन. पोरींना बंद करायला सांग. नाहीतर आता काय, तू ऐकलंच असशील, म्हणून तर विचारलंस दुसरी बाजू ऐकलीस का.

डॉर्सीने हे का केलं? मला कळत नाही. माझा सूड घेतला का? मग माझं नाव स्वतःच्या बरोबरीने का छापलं? माझा आवाज सुधारला का? मग मला विचारलं का नाही? आणि जो लोकांना आवडतो तो कोण आहे? मी असा बोलत नाही. मी अकरा वेळा ऐकलं. मला अजूनही तो दुसराच कुणी वाटतो, माझ्याहून मोठा, ज्याला कसली घाई नाही.

तू मला लिही किंवा लिहू नकोस. लिहिलं नाहीस तर मी समजेन.

कर्विन


लेक चार्ल्स
४ एप्रिल १९९६, पवित्र गुरुवार

कर्विन,

लिहायला वेळ लागला. काय लिहायचं ते ठरत नव्हतं.

हो, ऐकलं होतं. नोव्हेंबरात. डॉर्सी जुन्या टेपा काढून हळू करत बसला होता. त्याचं म्हणणं, इतकी वर्षं तुझ्या शेजारी उभा राहिलो, पण तू काय म्हणतोस ते कधी धड ऐकू आलं नाही, म्हणून हळू केलं. आणि मग ते कडवं आलं. तो पार्लरमध्ये आला, मी मिसेस व्हिक्टोरियनच्या डोक्याला साबण लावत होते. तसाच उभा राहिला. मी तिला साबणासकट बसवून मागं गेले.

तुझा आवाज मला पहिल्या शब्दाला कळला. तुला कळला नाही याचं मला नवल वाटतं. लहानपणी ताप आला की तू असाच बोलायचास.

डॉर्सी शेडमधल्या भिंतीवर हात आपटून आला, दोन बोटं सुजली. मग एक दिवस जेवताना त्याने विचारलं, "मॉमाँ, हे काढून टाकू की ठेवू?" त्याचा बाप होता तो. मी म्हटलं, तू ठरव. तो म्हणाला, मी ठरवलं तर काढून टाकीन आणि मग कर्विनचं तोंड आयुष्यात बघणार नाही. मग मी म्हटलं, ठेव.

का म्हटलं ते मला नीट सांगता येत नाही. रागाने म्हटलं असेन. तुला ऐकू यावं म्हणून म्हटलं असेन. पार्सलमध्ये टेप घालतानाही माझं मन एक नव्हतं. तू प्रेजांचं विचारलंस तेव्हा मी तुला एवढं मोठं पत्र लिहिलं आणि एक शब्द सांगितला नाही. खोटं एकही लिहिलं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मला वाटलं, ओळखू दे त्याचा त्याला.

आता आल्सीचं. तू विचारलं नाहीस, पण तेच विचारतोयस. तुझ्यामुळं गेला का? मला माहीत नाही. डॉक्टरला माहीत नव्हतं. न जेवता तो याआधीही गेला होता, संध्याकाळी चिडचिड करत घरी आला होता. त्या दिवशी आला नाही. तुझ्यामुळं नव्हे असं मी लिहिणार नाही, कारण मी तिथं नव्हते, आणि तू खोटं नको म्हणतोस.

पण एक मला माहीत आहे. घरात जे मांस यायचं ते मी आल्सीच्या डब्यात घालायचे. कमावणारा तो होता. तुम्हा पोरांना भात आणि वरचा रस्सा. डॉर्सी मागून घ्यायचा, तो माझ्या पोटचा होता. तू मागायचा नाहीस. तुझी आई तुला माझ्याकडं ठेवून गेली तेव्हापासून तू कधी काही मागितलं नाहीस, आणि मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे की काय गुणी पोर आहे. अकरा वर्षांचं पोर गोदामामागं बसून गरम भात खातं, तेव्हा ते गुणी नसतं, भुकेलेलं असतं. माझ्या घरात. हे मी नोव्हेंबरपासून घोळवतेय. तुझ्यावरचा राग मी कितीही चढवला तरी दर वेळी तिथंच येऊन अडतो.

तर माझा राग आहे. तो गेलेला नाही. तू सांगितलंस ते बरं केलंस, एवढं मात्र लिहिते.

प्रेजांचं सांगायचं राहिलं. तो रॅप करत नाही. त्याला एक ओळ पाठ होत नाही. कार्यक्रमात लोक दुसरा कुठाय म्हणून ओरडायला लागले, तेव्हा डॉर्सीने त्याला उभं केलं आणि मागं टेप लावली. तो नुसतं तोंड हलवतो. तेही चुकीच्या जागी. ओपलूसासला मध्येच शिंकला आणि तुझा आवाज चालूच राहिला. लोकांना वाटलं हीच कला आहे.

ह्यूस्टनचा माणूस एप्रिलअखेरपर्यंत थांबतोय. तुझा रेघ मारलेला कागद मी चुलीत घातला. दुसरा डॉर्सीने आणलाय, तुझ्या नावाची जागा कोरी आहे. कागद इथंच आहे, यावेळी पाठवणार नाही. सही करायची तर टेबलापाशी येऊन कर. ते कडवं टेपवर ठेवायचं की नाही, हेही आता तिघांनी बसून ठरवायचं. डॉर्सीचं मत दर दोन दिवसांनी बदलतं. माझंही.

डॉर्सी खाली एक ओळ लिहितोय म्हणतो.

नॅनॅन यूला

कर्विन, कोंबडी म्हणालो ते चुकलं. बाकीचं काय चुकलं आणि काय नाही ते मला अजून कळलेलं नाही. ये. समोर ये, मग बघू मी काय करतो. — डॉर्सी


सिअॅटल, बस स्टेशन
१९ एप्रिल १९९६

नॅनॅन,

कार्डावर जागा कमी आहे, म्हणून थोडक्यात.

नोकरी मध्येच सोडली. परतीचं तिकीट कंपनी देत नाही अशा वेळी, म्हणून विमान इथपर्यंतच, पुढं बस. सोमवारी दुपारी पोचेन, दोन वाजून चाळीसला. बेनहरने टेप मागून घेतली. मी म्हणालो, त्यातला एक मी आहे. त्याने विचारलं, "कुठला?"

घरी काय बोलायचं त्याचा विमानात सराव केला. हळू. नीट जमत नाही. तिसऱ्या वाक्याला मी पुन्हा धावतो. पण तीन वाक्यं होतात. तुला जेवढा राग करायचा तेवढा कर, मी ऐकेन. डॉर्सीला सांग, हात आपटायचा असेल तर भिंतीवर नको.

स्टेशनवर प्रेजांला आणू नका. किंवा आणा. मला एकदा बघायचंय, मी कसा दिसतो ते.

कर्विन